लाल खडकांच्या गावी, ऐन जुलैत

मे महिना आला की या सदराच्या मेलबॉक्समध्ये अमेरिकाच अमेरिका. मुलं तिकडे, आईबाबा जून ते ऑगस्ट तिकडे, आणि मुलांनी लाँग वीकेंडचा काहीतरी बेत ठरवलेला असतो जो आईबाबांना व्हिडिओ कॉलवर अर्धाच ऐकू आलेला असतो. यंदा बरीचशी पत्रं एकाच प्रकारच्या जागेबद्दल आहेत, वाळवंटातली लाल खडकांची गावं, म्हणजे युटातलं मोॲब आणि ॲरिझोनातलं सेडोना. म्हणून यावेळचं सदर सगळं तिकडचंच.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही दोघं जूनमध्ये सॉल्ट लेक सिटीला मुलाकडे चाललोय. ३ ते ६ जुलै तो आम्हाला सगळ्यांना मोॲबला नेणार आहे. त्याचा प्लॅन असा की पहिल्या दिवशी नाश्ता करून साडेनऊला डेलिकेट आर्च, मग जेवण, मग दुपारी कॅन्यनलँड्स आणि येताना वाटेत ग्रँड कॅन्यन. आमचे हे ७० चे आहेत, गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. नातू ७ वर्षांचा. मी म्हटलं अरे उन्हाचं काय, तर म्हणतो आई तू पुण्याचे एप्रिल-मे काढलेस, तिथे तर घामसुद्धा येत नाही. खरंच जमेल का हो? – एक आजी, कोथरूड

उत्तर: काकू, मोॲब जमेल, हा प्लॅन नाही जमणार.

मुलगा खोटं बोलत नाहीये, घाम येत नाही असं वाटतं खरं, पण भानगड तिथेच आहे. जुलैत मोॲबला दुपारचं सरासरी तापमान ३७-३८ डिग्री असतं, चाळिशी ओलांडणारे दिवसही येतात, म्हणजे आकडा आपल्या एप्रिलएवढाच. पण हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडून जातो, शर्ट ओला होतच नाही. इथे आपल्याला पाठ भिजली की कळतं की आता सावलीत बसावं, पाणी प्यावं. तिथे तसं काही कळत नाही, कळतं ते एकदम डोकं दुखायला लागलं किंवा मळमळायला लागलं की. तोपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे तहान लागायची वाट बघायची नाही, घोट घोट पीत राहायचं. आर्चेस हे मोॲबजवळचं राष्ट्रीय उद्यान, डेलिकेट आर्च तिथेच आहे, आणि ते पार्कवालेच सांगतात की माणशी दिवसाला ४ लिटर पाणी हवं. आणि नुसतं पाणी नाही, सोबत मीठ पोटात गेलं पाहिजे, नाहीतर लिटरच्या लिटर साधं पाणी पिऊन शरीरातलं सोडियम कमी होतं आणि त्याचाही त्रास होतो. तुमच्या बॅगेत भडंग आणि खारे शेंगदाणे असणारच, ते तिथे चैन म्हणून नाही तर औषध म्हणून खा. मीठ-साखर-लिंबाचं सरबत रोज सकाळी बाटल्यांत भरून घ्या, किंवा इथूनच ओआरएसची पाकिटं न्या.

काकांच्या गोळीबद्दल एक महत्त्वाचं. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारा घटक असतो, ज्याला आपल्याकडे पाण्याची गोळी म्हणतात. अशी गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आम्ही चार दिवस कोरड्या उन्हात असणार आहोत, डोस काय ठेवायचा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना आधीपासूनच्या आजारासकट घ्या, एजंट स्वस्तातला गळ्यात मारतात आणि त्यात नेमकं बीपीच वगळलेलं असतं.

आता प्लॅन. अशा गावात जागांची यादी करून चालत नाही, तासांचा हिशोब करावा लागतो. जुलैत मोॲबला सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि मावळतो रात्री पावणेनऊला. रात्री तापमान २० पर्यंत खाली येतं त्यामुळे पहाट अगदी छान असते, शाल घ्यावी असं वाटेल. म्हणजे तुमचे कामाचे तास सकाळी साडेपाच ते दहा आणि मग संध्याकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात पार्कात चालायचं नाही, विषय संपला. आणि लोक एक घोळ घालतात, पुण्याच्या सवयीने पाचला चहा पिऊन बाहेर पडतात. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे केलेली असतात, सूर्य डोक्यावर येतो तोच जवळपास दीडला, त्यामुळे सगळ्यात कडक ऊन चार-पाचच्या सुमाराला असतं. पाच वाजता निघालात तर भर दुपारी निघालात असं समजा.

डेलिकेट आर्च म्हणजे ती युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर दिसते तीच कमान. जाऊन-येऊन ३ मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटर, आणि चढ साधारण ४८० फूट. सिंहगड चढणाऱ्याला हे काहीच नाही, पण इथे झाड नाही, सावली नाही, मोठा भाग उघड्या गुळगुळीत कातळावरून आहे आणि शेवटी कड्याच्या कडेने जावं लागतं. मुलगा, सून आणि नातू यांनी पहाटे साडेपाचला सुरुवात केली तर आठ-साडेआठपर्यंत आरामात परत येतील. काकांनी हा चढ करायचा नाही, गुडघ्याला उतरताना त्रास होईल. तुमच्या दोघांसाठी खाली लोअर व्ह्यूपॉइंट आहे, पार्किंगपासून जेमतेम १०० यार्ड, सपाट. तिथून कमान सुमारे मैलभर लांब दिसते, छोटी दिसते, पण दिसते. दुर्बीण न्या.

खरं सांगू का, मला स्वतःला डेलिकेट आर्चपेक्षा आर्चेसमधलाच विंडोज सेक्शन नावाचा भाग जास्त आवडतो आणि काकांसाठी तोच बरोबर आहे. डबल आर्चला जाऊन-येऊन मैलभरसुद्धा नाही, वाट सपाट आहे आणि दोन कमानी एकाच बुडख्यातून निघालेल्या अगदी डोक्यावर दिसतात. राजगडावर सुवेळा माचीचं नेढं काकांनी तरुणपणी पाहिलं असेल तर त्यांना तिथे उभं राहून काय वाटेल ते मी सांगायला नको, फक्त हे त्या नेढ्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. बॅलन्स्ड रॉक तर गाडीतूनही दिसतो, पायथ्यापासून टोकापर्यंत १२८ फूट, त्याच्याभोवती छोटीशी फेरी मारता येते. हे सगळं एका सकाळी होतं. पार्कात खायला काही मिळत नाही, हॉटेल नाही, पाणीही मोजक्या दोन ठिकाणी, तेव्हा डबे-बाटल्या घेऊनच आत जायचं.

कॅन्यनलँड्स, म्हणजे मोॲबजवळचं दुसरं राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या पहाटेला ठेवा. आयलंड इन द स्काय नावाच्या भागात मेसा आर्च आहे, सूर्योदयाला तिच्या खालच्या बाजूला लाल उजेड पडतो, चालणं मैलाच्या आत. तिथे पहाटे ट्रायपॉड लावून फोटोवाल्यांची भिंत असते आणि ते एकमेकांवर गुरगुरत असतात, मागे उभं राहून बघा, कमान कुठे जात नाही. मग ग्रँड व्ह्यू पॉइंटला गाडीनेच जाता येतं. एका संध्याकाळी डेड हॉर्स पॉइंट करा, खाली २,००० फुटांवर कोलोरॅडो नदी वळसा घेताना दिसते, आणि गाडी लावली की कठडा समोरच, काकांना चालायलाच नको.

दुपारी काय करायचं? एक म्हणजे झोपायचं. चेष्टा नाही, पहाटे चारला उठलेली माणसं दुपारी झोपलीच पाहिजेत, पुण्यात दुपारी एक ते चारचं महत्त्व मी कुणाला समजावणार! दुसरं म्हणजे ला साल डोंगर. गावाच्या मागेच आहेत, सगळ्यात उंच शिखर १२,७०० फुटांच्या वर, आणि घाटरस्त्याने गाडी वर गेली की झाडी लागते आणि हवा चांगलीच थंड होते. खाली लोक भाजत असतात आणि वर स्वेटर लागतो. मुलासुनेला नदीत राफ्टिंग करायचं असेल तर फिशर टॉवर्सच्या बाजूचा टप्पा सौम्य आहे, कंपन्या अर्ध्या दिवसाची ट्रिप नेतात, लहान मुलाचं वय-वजन काय चालतं ते बुक करताना विचारायचं.

नातवाला व्हिजिटर सेंटरमधून ज्युनियर रेंजरचं पुस्तक मागून घ्या. त्यातली कामं पूर्ण केली की रेंजर मुलांकडून शपथ घेतात आणि बिल्ला देतात. याने दोन गोष्टी होतात, एक तर मूल मोबाईल मागत नाही आणि दुसरं म्हणजे वाट सोडून पळत नाही. वाट सोडायची नाही हे तिथे फार पाळतात, कारण वाळूवर जो काळपट खडबडीत थर दिसतो तो जिवंत असतो, सूक्ष्म जीवाणू, शेवाळं, दगडफूल यांचा. तो वाळू धरून ठेवतो, आणि त्यावर एक पाय पडला तरी परत वाढायला कित्येक वर्षं लागतात. आणि दगडावर नावं कोरायची नाहीत, तिथे तो सरळ गुन्हा आहे. आपल्या किल्ल्यांवरचे बदाम-बाण बघून मोठं झालेल्या मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं.

राहिलं ग्रँड कॅन्यन. काकू, ते वाटेत नाही! मोॲब सॉल्ट लेकच्या आग्नेयेला साधारण २३५ मैल, चार तासांवर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ मोॲबहून पुढे दुसऱ्याच दिशेला अजून साडेपाच-सहा तास. म्हणजे महाबळेश्वरहून पुण्याला येताना वाटेत हंपी. ती वेगळी ट्रिप करा, हिवाळ्यात करा, आणि मुलाला म्हणावं नकाशा मोठा करून बघ.

रात्री मात्र एकदा तरी गावाच्या दिव्यांपासून लांब जा. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स दोन्ही अधिकृत डार्क स्काय पार्क आहेत, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या जागा. कालनिर्णय बघून तारखा ठरवायच्या तर अमावस्येच्या जवळ, तुमच्या तारखा वद्य पक्षातल्या आहेत म्हणजे चंद्र उशिरा उगवेल, पूर्ण अंधार मात्र साडेदहाच्या पुढेच होतो. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते, काकांना आरामखुर्ची टाकून द्या.

प्रश्न: राष्ट्रीय उद्यानांचा २० डॉलरचा सीनियर सिटिझन पास मिळतो असं कळलं. माझं वय ६८. आधार कार्ड चालेल की पासपोर्टच दाखवावा लागेल? मुलगा म्हणतो तुम्हाला मिळणार नाही, पण त्याला सगळ्याच गोष्टी मिळत नाहीत असं वाटतं. – सदाशिव पेठ

उत्तर: काका, यावेळी मुलगा बरोबर आहे. ६२ वर्षांवरच्यांचा तो पास अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही, मग आधार दाखवा नाहीतर रेशन कार्ड.

पण रडायचं कारण नाही. आर्चेसला प्रवेश माणशी नाही, गाडीमागे आहे, ३० डॉलर आणि ७ दिवस चालतो. गाडीत पाच जण असले तरी तेवढेच. कॅन्यनलँड्सचे पुन्हा तेवढेच. मुलगा तिथला रहिवासी आहे तर त्याने ८० डॉलरचा वर्षाचा पास त्याच्या नावावर काढावा, तीन पार्क झाले की वसूल होतो. २०२६ पासून एक नवीन नियम आलाय तो माहिती असू द्या, परदेशी पाहुण्यांसाठी वर्षाचा पास २५० डॉलरचा झालाय आणि तो पास नसेल तर सगळ्यात गर्दीच्या ११ पार्कांत नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा. त्या ११ मध्ये ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, यलोस्टोन, योसेमिटी वगैरे आहेत. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स नाहीत. म्हणजे पैसे वाचवायचे असतील तर मोॲब हीच तुमची जागा. डेड हॉर्स पॉइंट हे राज्याचं पार्क असल्यामुळे तिथे यातला कुठलाच पास चालत नाही, वेगळे पैसे भरावे लागतात आणि तिथे वाद घालून उपयोग नाही.

अजून एक. आर्चेसला २०२२ पासून गर्दीच्या महिन्यांत आत जायची वेळ ऑनलाइन आधी बुक करावी लागायची, नुसता पास असून भागायचं नाही. या नियमात दर सीझनला बदल होत आलेत, म्हणून मुलाला निघायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर आर्चेसचं पान उघडून बघायला सांगा. मागच्या वर्षी कोणीतरी गेलं होतं त्याने काय सांगितलं यावर जाऊ नका.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी, मोॲबला खायचे हाल होतील का? आणि हॉटेल घ्यावं की घर? – सहकारनगर

उत्तर: घर, किंवा किचन असलेली खोली. पाच-साडेपाच हजार वस्तीचं गाव आहे, पर्यटकांमुळे पिझ्झा, बरिटो, सॅलड असं शाकाहारी मिळतं, उपाशी नाही राहणार. पण तुम्ही पहाटे पाचला बाहेर पडणार तेव्हा कोण उघडं असणार? आदल्या रात्रीच दशम्या, पुऱ्या, मेथीचे पराठे, जे काय ते करून ठेवायचं, कोरडं टिकतं, तिथल्या हवेत काही आंबत नाही. गावात मोठं किराणा दुकान आहे, दूध-दही-भाज्या-फळं सगळं मिळतं, कुकर तेवढा मुलाच्या घरून न्या. कलिंगड आणि काकडी फ्रीजमध्ये कायम असू द्या.

बुक करताना एसी आहे ना हे नीट वाचा, स्वस्त केबिनमध्ये कधी कधी नुसता कूलर असतो. मे अखेर ते जूनमध्ये जाणार असाल तर बारीक चावऱ्या माश्या असतात, दिसत नाहीत पण कानामागे आणि केसांत चावतात आणि मग आठवडाभर खाज, जुलैच्या उन्हात त्या कमी होतात. ओठांना व्हॅसलिन, नाकात आतून बोटाने थोडंसं साजूक तूप, कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं काहींच्या. टोपी मात्र गांधी टोपी किंवा क्रिकेटची नको, चारी बाजूंनी कड असलेली घ्या.

बाय द वे, गाव आधी असं पर्यटकांचं नव्हतंच. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळच युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि लोकांची झुंबड उडाली. ते ओसरलं आणि मग सायकलवाले, जीपवाले आले. आता मेन स्ट्रीटवर टी-शर्ट आणि आइस्क्रीम.

प्रश्न: हाय! आम्ही दोघं, वय ३० च्या आसपास, हिंजवडी. ऑगस्टमध्ये फिनिक्सला ऑफिसचं काम आहे, त्याला जोडून ६ दिवस सुट्टी. सेडोना करावं की मोॲब? की दोन्ही, प्लस अँटिलोप कॅन्यन, झायन, वेगास? रील्स बघून कन्फ्यूज झालोय. – कपल, हिंजवडी

उत्तर: सहा दिवसांत दोन्ही, प्लस तीन? तुम्ही सुट्टीवर चाललाय की डिलिव्हरी करायला? फिनिक्सला उतरताय तर सेडोना करा. फिनिक्सहून ११५ मैल, दोन तास. मोॲब तिथून सगळा दिवस ड्रायव्हिंग.

आणि ऑगस्टसाठी सेडोना बरंही आहे. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर, भट्टी आहे अक्षरशः, २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ च्या वर गेला होता. सेडोना ४,३०० फुटांच्या वर, त्यामुळे पाच-सहा डिग्री तरी कमी. दुपारी ३३-३५ असतं. शिवाय गावातून ओक क्रीक वाहतो, स्लाइड रॉक पार्कमध्ये पाण्याने गुळगुळीत झालेल्या लाल दगडावरून घसरत जाता येतं, सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोचलात तरच पार्किंग मिळेल. बजेट टाइट असेल तर फ्लॅगस्टाफला राहा, घाटाने ३० मैल वर, उंची ७,००० फूट, रात्री गारवा. तिथल्या लॉवेल वेधशाळेतून १९३० मध्ये प्लूटो शोधला गेला होता, संध्याकाळी लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ तिथून दीड तासावर, म्हणजे तुमच्या सहा दिवसांत ते मात्र आरामात बसतं.

सेडोनात कथीड्रल रॉक चढा, छोटा पण चांगलाच उभा आहे, हात टेकवत जावं लागतं, तुमच्या वयाला मस्त. पहाटेच. शटल चालू असते त्या दिवसांत त्याचं पार्किंग बंद ठेवतात, फुकट शटल आहे, तिने जा. लाल कड्यांमध्ये बसवलेलं १९५६ मधलं होली क्रॉस चॅपल बघा, खडकातूनच उगवल्यासारखं आहे. तिथलं मॅकडोनल्ड्स पण बघून या, एरवी पिवळी असते ती एम इथे निळसर हिरवी आहे, कारण गावाला पिवळा रंग लाल खडकांसमोर डोळ्यात खुपेल असं वाटलं. एका बर्गरवाल्या कंपनीला रंग बदलायला लावणारं गाव, मला तर हेवा वाटतो, आपल्या टेकड्यांवरच्या होर्डिंगना कोणी असं सांगेल तर!

वॉर्टेक्स म्हणून एक प्रकार तुम्हाला प्रत्येक दुकानात विकतील, म्हणजे म्हणे अमुक खडकापाशी पृथ्वीतून ऊर्जेचे भोवरे निघतात. त्याचे गाइड, त्याचे स्फटिक, त्याचे मसाज. जागा सुंदरच आहेत, फुकट जाऊन बसा. पैसे देऊन ऊर्जा घ्यायची तर आपल्याकडे बुवांची कमी आहे का.

ऑगस्टचा एक धोका मात्र नीट समजून घ्या. जुलै ते सप्टेंबर तिकडे पण मान्सून असतो, ते लोकही मान्सूनच म्हणतात. आपल्यासारखी झड नाही, सकाळी लख्ख ऊन, दुपारी दोन-तीनला ढग, अर्धा तास वीज आणि पाऊस, मग परत ऊन. कातळ पाणी शोषत नाही, सगळं पाणी एकदम घळीत येतं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही, दहा मैलांवर पडला तरी घळीत लोंढा येतो. अँटिलोप कॅन्यन ही अशीच एक अरुंद घळ, तिथे १२ ऑगस्ट १९९७ ला असाच लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. आता तिथे नवाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या गाइडशिवाय आत सोडत नाहीत आणि हवा बघून टूर रद्द करतात. रद्द केली तर हुज्जत न घालता परत या. मोॲब गावातसुद्धा ऑगस्ट २०२२ मध्ये मेन स्ट्रीटवर पाणी आलं होतं. म्हणजे तुमचाही दिवस दुपारी एकच्या आत संपला पाहिजे, उन्हामुळे नाही तरी विजेमुळे.

घड्याळाची गंमत, ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, युटा बदलतं, दोन्हीत एक तासाचा फरक पडतो, आणि मध्ये नवाहोंचा प्रदेश ॲरिझोनात असून घड्याळ बदलतो. मोबाईल सीमेजवळ गोंधळतो. टूर बुक कराल तिथे कुठली वेळ धरायची ते विचारूनच घ्या. आणि आरटीओतून आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, काढून न्या, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा, वाळवंटात पुढचा पंप कधी येईल याचा भरवसा नाही.

प्रश्न: मी आठवीत आहे. आम्ही मोॲबला जाणार आहोत. तिथले दगड लाल का आणि त्यांना भोकं कशी पडली? आपल्या डोंगरांना का नाही पडत? – बाणेर

उत्तर: वा! मोठ्यांनी सगळ्यांनी पैसे आणि जेवण विचारलं, तू एकटीने बरोबर प्रश्न विचारलास.

लाल लोखंडामुळे. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो, म्हणजे गंजच साधारण. महाबळेश्वरचा, कोकणातला जांभा दगड लाल असतो तो पण लोखंडामुळेच.

भोकांची गोष्ट मिठापासून सुरू होते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र यायचा आणि आटायचा, असं कितीतरी वेळा होऊन हजारो फूट जाड मीठ साठलं. त्यावर मग वाळू, चिखल असे थर बसत गेले. आता मीठ दगडासारखं पक्कं नसतं, वरून वजन आलं की ते सरकतं, तू कणकेच्या गोळ्यावर तळहात दाबलास की ती बाजूने वर येते ना, तसं. खालचं मीठ सरकलं, वरचा खडक उचलला गेला, कुठे खचला आणि त्याला समांतर भेगा पडल्या. भेगांमध्ये पाणी शिरलं, हिवाळ्यात त्याचा बर्फ झाला, बर्फाने भेग रुंदावली, आणि दोन भेगांच्या मध्ये खडकाच्या उभ्या पातळ भिंती उरल्या. त्या भिंतींच्या मऊ भागातून एकेक कण सुटत गेला की भोक पडतं, भोक मोठं झालं की कमान. आर्चेसमध्ये अशा २,००० च्या वर आहेत.

आणि त्या अजून बदलतायत. लँडस्केप आर्च ३०६ फूट लांब आहे आणि मध्ये इतकी बारीक की बघताना भीती वाटते. १९९१ मध्ये पर्यटक खाली असताना तिचा मोठा तुकडा पडला, कोणाला लागलं नाही, पण तेव्हापासून कमानीखाली जायची वाट बंद. वॉल आर्च नावाची तर २००८ मध्ये एका रात्रीत अख्खी कोसळली.

आपले डोंगर लाव्ह्याचे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, काळा बसाल्ट, आणि खाली असं मीठ नाही. पण भोकं आपल्याकडेही पडतात बरं का. जुन्नर तालुक्यात आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला निसर्गाने केलेला दगडी पूल आहे, ओढ्याच्या पाण्याने बसाल्टच्या भिंतीला आरपार भोक पाडलंय. मोॲबला जायच्या आधी आईबाबांना म्हणावं एक रविवार तिकडे न्या, मग दोन्हींची तुलना तुझी तूच कर.

प्रश्न: ताई, आमच्याकडे ना व्हिसा ना अमेरिकेत कोणी. पण लाल खडक बघायची हौस आहे. जवळपास काही? मुलांना सुट्टी आत्ता मेमध्येच आहे. – धनकवडी

उत्तर: बदामी! सोलापूर, विजापूर करत रेल्वेने थेट जाता येतं, बदामीला स्टेशन आहे. वाळवंट नाही, पण लाल वालुकाश्माचे उभे कडे, मध्ये अगस्त्य तलाव, काठावर भूतनाथाची देवळं, आणि कड्यात चालुक्यांनी कोरलेली चार लेणी. तिसऱ्या लेण्यात शके ५०० चा, म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे. पुलकेशीची वातापी ती हीच. पट्टदकल आणि ऐहोळे तिथून जवळ. पुण्या-मुंबईचे क्लाइंबिंगवाले दर हिवाळ्यात तिथे दोर घेऊन जातात, कारण खडक तसा आहेच.

मात्र मेमध्ये नका जाऊ. तिथेही चाळिशी असते आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर अनवाणी मुलं नाचतात. दिवाळीनंतर जा, डिसेंबर-जानेवारी सगळ्यात छान. आत्ताच जायचं ठरलं असेल, सुट्टीच तेवढी असेल, तर वरच्या कोथरूडच्या काकूंना सांगितलेले तास पाळा, लेणी उघडल्या उघडल्या आत, साडेदहाला खोलीवर, आणि तलावाची बाजू सूर्यास्ताच्या वेळी, तेव्हा उन्हाने कडे पेटल्यासारखे लाल होतात. दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्याची भाजी. माकडं फार आहेत आणि धीट आहेत, हातात केळी, चिप्स, प्लास्टिकची पिशवी काही धरू नका, चष्म्याला दोरी लावा.